भिंतीवरची पऱ्हाटी

अकोल्याच्या जुन्या शहरात वाहेद पेंटरचं घर कुणाला विचारत फिरावं लागत नसे. किराणा दुकान असो, दवाखाना असो की सायकलचं पंक्चर काढणारा असो, मान वर करून पाटी पाहिली की खाली कोपऱ्यात त्याचं नाव असायचं आणि त्याखाली गल्लीचं. शाळा त्यानं चौथीतच सोडली होती. पण मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांतलं अक्षर त्याच्या हातातून असं उतरायचं की वकीलसाहेब स्वतःचं नाव रस्त्याच्या पलीकडे उभं राहून दोन-दोन मिनिटं वाचत बसायचे. त्याच्या उस्तादांनी त्याला पहिलं वर्षभर ब्रश धरू दिला नव्हता, नुसता चुना कालवायला लावला होता. ती शिक्षा नव्हती, ते शिक्षण होतं, हे वाहेद पुढे प्रत्येकाला सांगायचा. ऐकणाऱ्याला हवं असो वा नसो.

शहराबाहेरही त्याचा हात फिरलेला होता. मूर्तिजापूर, दर्यापूर, बार्शीटाकळी, कुठेही जा, गावात शिरताना पहिल्या धाब्याच्या घरावर बियाण्याची नाहीतर खताची जाहिरात असणार आणि तिच्यात वाहेदचं बोंड असणार. पांढरंशुभ्र, टरारलेलं, कोबीच्या गड्ड्याएवढं. कंपनीच्या माणसाला तसंच हवं असायचं, आणि वाहेदलाही ते काढताना मजा यायची.

मग फ्लेक्स आला. जठारपेठेत ओमप्रकाशनं मशीन टाकलं. हा ओमप्रकाश पूर्वी स्टेशनरी विकायचा आणि त्याच्या दुकानाची पाटी वाहेदनंच रंगवली होती. आता त्याच्याकडे फोटो दिला की तासाभरात खोलीएवढा कपडा छापून बाहेर पडायचा. गावोगावचे पुढारी हात जोडून खांबाखांबावर लटकू लागले. वाहेदला त्या माणसांचा राग नव्हता, त्यांच्या गालांचा होता. इतका गुलाबी गाल वऱ्हाडात कुणाचा असतो का?

शिवाय कापसाची वर्षं वाईट चालली होती. पेपर उघडावासा वाटू नये अशी वर्षं. ज्या खेड्यांतून वाहेदनं बोंडं रंगवली होती त्यांची नावं आता भलत्याच बातम्यांत येत होती. शेतात नाही तर दुकानात कुठून असणार, आणि दुकानात नाही तर पाटी कोण रंगवणार? असं करत करत एका उन्हाळ्यात वाहेदकडे एकही काम उरलं नाही. तेव्हा ओमप्रकाशनं निरोप धाडला. फ्लेक्स कापायचा, कडा दुमडायच्या, नेऊन ठोकायचा, एवढंच काम, पाऊस लागला की या. वाहेद हो म्हणाला. घरी येऊन त्यानं सगळे ब्रश घासलेटनं धुतले, पुसले आणि डब्यात घालून डबा माळ्यावर टाकला. त्याची बायको रहिमाबी चुलीशी बसून हे सगळं बघत होती.

त्याच आठवड्यात अफिफा सुटीवर घरी आली. ही त्यांची एकुलती एक पोर. अमरावतीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती आणि त्या गोष्टीचा वाहेदला इतका गर्व होता की नमाजाला जाताना भेटेल त्याला तो मुलीच्या अभ्यासक्रमाचं नाव सांगायचा. ते त्याला नीट उच्चारता येत नव्हतं, म्हणून दरवेळी नव्यानं सांगायचा. अफिफानं येताना कॉलेजचा डिजिटल कॅमेरा आणला होता. तिचे हरिहर सर म्हणून मास्तर होते, त्यांनी प्रकल्प दिला होता: चित्रं काढा, त्यांचे फोटो घ्या आणि सॉफ्टवेअरमधून त्यांचा व्हिडिओ बनवून आणा.

तिनं बापाला समजावून सांगितलं. एक चित्र काढायचं, फोटो घ्यायचा. त्यातलं पान जरासं सरकवायचं, म्हणजे तेवढंच पुसून पुन्हा काढायचं, पुन्हा फोटो. असे शेकडो फोटो झाले की ते सॉफ्टवेअरला द्यायचे. ते त्यांना ओळीनं लावतं, एका सेकंदात बारा-बारा फोटो पळवतं, आणि बघणाऱ्याला वाटतं पान हललं. सॉफ्टवेअर फुकटचं होतं, तिनं नेटवरून उतरवलं होतं. चित्रं कापसाच्या झाडाची, म्हणजे पऱ्हाटीची, हवी होती, बी रुजण्यापासून बोंड फुटेपर्यंत. ती अब्बांनी काढावीत, आणि भिंतीवर काढावीत.

वाहेदनं सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. घरात ही मंडळी उर्दूत बोलत, पण वाहेदला ठाम काही सांगायचं असलं की तो वऱ्हाडीवर यायचा. तसा तो आला.

"जे पुसाचंच हाये थे काढाचं कायले?"

त्याचं म्हणणं सरळ होतं. पेंटरचं काम टिकायला असतं. त्याच्या उस्तादांनी रंगवलेली अक्षरं अजून एका जुन्या गिरणीवर वाचता येत होती, उस्तादांना जाऊन किती वर्षं झाली तरी. आणि ही पोर सांगत होती की दिवसभर काढा आणि दिवसभर पुसा.

अफिफानं वाद घातला नाही. तिनं अंगणातल्या भिंतीवर खडूनं स्वतःच झाड काढायला घेतलं. तासाभरानं वाहेद बाहेर आला आणि पाहतो तो काय, भिंतीवर उलटा खराटा उभा. त्याला दोन फांद्या, त्यावर चार गोळे. वाहेद पेंटरच्या घराच्या भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं! तो आत गेला आणि माळ्यावरचा डबा उतरवला. पोरगी बापाला पुरती ओळखून होती.

भिंत मिळाली मूर्तिजापूरला, कापसातली सरकी काढणाऱ्या, स्टेशनजवळच्या एका जिनिंगची. तिथले दिवाणजी किसनराव वाहेदच्या ओळखीचे. कापूस कमी येऊ लागल्यानं जिनिंगचे निम्मे रेचे, सरकी काढायची यंत्रं, बंदच होते आणि उन्हाळ्यात तर आवारात कुत्रंही फिरत नव्हतं. रस्त्याच्या बाजूला लांबच लांब कंपाउंडची भिंत पडून होती. किसनराव म्हणाले, रंगवा बाप्पा, तेवढाच चुना लागेल भिंतीले.

रोज सकाळच्या पॅसेंजरनं बापलेक अकोल्याहून निघायचे. मे महिना. दहा वाजता भिंत तापायची आणि नीळ घालून आभाळाच्या रंगाचा केलेला चुना बोलता बोलता वाळायचा, त्यामुळे काम मात्र भराभर व्हायचं. अफिफानं विटा रचून कॅमेऱ्याचं ठाणं केलं होतं आणि तो तसूभरही हलू नये म्हणून ती त्याच्यावर कोंबडीसारखी बसून असायची. वाहेद अंकुराचा कोंब काढायचा, बाजूला व्हायचा. खट्. मग कोंबाचं टोक चुन्यानं झाकून बोटभर वर काढायचा, बाजूला व्हायचा. खट्. पहिल्या दिवशी त्याला हा पोरखेळ वाटला. दुसऱ्या दिवशी पाठ दुखली. तिसऱ्या दिवशी तो अफिफानं सांगायच्या आधीच बाजूला होऊ लागला.

जिनिंगच्या आवारात आशाबाई झाडलोटीला होत्या. हंगामात वेचणीला जाणाऱ्या, आयुष्य पऱ्हाटीच्या तासातून, झाडांच्या ओळीतून, वाकून गेलेल्या. त्या झाडू टेकवून रोज बघत उभ्या राहायच्या. झाड मोठं झालं, वाहेदनं हौसेनं पहिलं बोंड काढलं, तशा त्या तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"पेंटर, एवढं बोंड आमच्या बापजाद्यानं नाही पाह्यलं. थे वेचाले दोन माणसं लागतीन."

वाहेद वरमला नाही. आपल्या हाताला जाहिरातीचं बोंड येतं, शेतातलं येत नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला उलट हुरूपच आला. किती वर्षांनी कुणीतरी त्याच्या चित्रात खोट काढली होती. गिऱ्हाइकं तर नुसती घाई करायची. त्यानं आशाबाईंना पायरीवर बसवलं आणि विचारून घेतलं. पाती, म्हणजे कळी, आधी कुठे धरते, फूल कसं असतं. आशाबाई सांगत गेल्या. फूल उमलतं त्या दिवशी पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग गळतं आणि मागे बोंड राहतं. बोंड हिरवं असताना टोकदार असतं. फुटतं तेव्हा टरफल मागे वळतं आणि कापूस थोडा खाली लोंबतो, वाऱ्यानं त्याला पाचोळा चिकटतो. वाहेदनं ते ऐकून बोंड पुसलं. कुरकुर न करता पुसलेलं हे त्याचं पहिलं चित्र.

आठवडाभराचे फोटो झाल्यावर अफिफा त्याला जठारपेठेतल्या एका सायबर कॅफेत घेऊन गेली. तिनं फोटो सॉफ्टवेअरला दिले, बटण दाबलं, आणि पडद्यावर कोंब वर आला, लगेच मोठं झाड झालं, पुन्हा कोंब झाला, उचकी लागल्यासारखं सगळं पुढेमागे होऊ लागलं. अफिफानं कपाळावर हात मारला. फोटोंच्या नावातले आकडे वाचताना सॉफ्टवेअर एकच्या मागे दोन घेत नव्हतं, थेट दहा घेत होतं, मग शंभर, मग एकशे एक. वाहेदला हे कळल्यावर तो इतका हसला की शेजारच्या खुर्चीतली मुलं वळून पाहू लागली. चौथी शिकलेल्या माणसाला जे येतं ते या मशीनला येत नाही, याचा त्याला मनापासून आनंद झाला. अफिफानं प्रत्येक आकड्याआधी शून्यं लावून फोटोंना नवी नावं दिली आणि पुन्हा बटण दाबलं.

आता मात्र कोंब माती फोडून वर आला. मान हलवत दोन पानं उघडली. खोड उंच होत गेलं, पान पानाला ढकलत बाहेर आलं, आणि सगळं झाड हलक्या वाऱ्यात उभं असावं तसं किंचित थरथरत राहिलं. तो थरथराट वाहेदच्या हाताचा होता. दर वेळी रेघ तिथेच पडली तरी केसभर इकडेतिकडे व्हायचीच, आणि नेमक्या त्याच केसभरानं झाडात जीव आला होता. काही सेकंदांत संपलं. वाहेदनं खुर्ची पुढे ओढली.

"परत दाखव," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "परत."

त्या दिवशी घरी जाताना त्यानं पोरीची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. जुन्या शहराच्या पुलावर तो थांबला आणि तिला म्हणाला की तुझ्या मशीननं माझं काम मेलं असं मी समजत होतो. त्या दिवसापासून तो पॅसेंजरला तिच्याआधी तयार होऊन बसू लागला.

पुसणं मात्र सोपं झालं नाही. कॉम्प्युटरवर सगळं राहतं हे त्याला आता पटलं होतं, तरी चुन्याचा कुंचा उचलताना हात जड व्हायचा. मामुली पान असलं तर ठीक. एखादं फूल मनासारखं उतरलं की तो उगाच पाणी प्यायला जायचा, बिडी ओढायचा, चुना पातळ झाला म्हणायचा. अफिफा घड्याळ दाखवायची. प्रकल्प द्यायची तारीख जवळ येत होती.

मग तो दिवस आला. बोंड फुटायचं होतं. सकाळपासून वाहेद एकेक रेघ फोडत होता. टरफलाला चीर, चिरेत पांढरी कड, कड रुंद, टरफल मागे. दुपारच्या सुमाराला शेवटचं चित्र झालं. पूर्ण फुटलेलं बोंड, कापूस जरा खाली ओघळलेला, एका बाजूला पाचोळ्याचा कण. अफिफानं फोटो घेतला, हातपाय धुवायला नळावर गेली आणि तिथेच सावलीत तासभर पडली. आशाबाई झाडू घेऊन भिंतीशी आल्या होत्या. त्या चित्रासमोर थांबल्या, आणि त्यांचा हात आपोआप पुढे गेला. पाचही बोटं एकत्र, वेचणीला जातात तशी. बोटं चुन्याला लागली तेव्हा त्या भानावर आल्या. हात मागे घेऊन त्या वाहेदकडे पाहून ओशाळवाण्या हसल्या आणि झाडत पुढे गेल्या.

वाहेद जागच्या जागी उभा राहिला. चाळीस वर्षं त्यानं रंगवलं होतं. लोकांनी वाचलं होतं, वाखाणलं होतं, घासाघीस केली होती. पण त्याच्या चित्राला कुणी खरं समजून हात घातला नव्हता. त्या एका क्षणात त्याला स्वतःचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि आपण रडतो आहोत हे कुणी पाहू नये म्हणून त्यानं तोंडावर पाणी मारलं.

अफिफा परत आली तेव्हा तो ते झाड ऑइलपेंटनं पक्कं करत होता. चुन्यानंही जाऊ नये, पावसानंही जाऊ नये असं. तिला आधी कळेचना. मग कळलं आणि ती खालीच बसली. ठरल्याप्रमाणे हे बोंड पुसून त्याच फांदीवर दुसरं, मग तिसरं फुटायला हवं होतं. कॅमेरा त्याच जागेवर उभा होता. आता ते झाड चकाकत होतं. आधीच्या कुठल्याच फोटोशी त्याचा रंग जुळणार नव्हता.

"अब्बा, हे काहून केलं?" ती म्हणाली. आवाजात राग कमी होता, रडू जास्त.

"मले पुसवलं नाही," वाहेद म्हणाला. "मारायचं तं मार. पण मले पुसवलं नाही."

त्यानं सफाई दिली नाही आणि आशाबाईंच्या हाताचंही सांगितलं नाही. ते त्याला स्वतःजवळ ठेवायचं होतं. शकुंतलेच्या, त्या जुन्या नॅरोगेज रेल्वेच्या, छोट्या रुळावरून गाडी आली आणि गेली. शेवटी अफिफाच उठली, कॅमेऱ्याचं ठाणं मोडलं आणि एकेक वीट उचलून दोन पावलं पलीकडे रचायला लागली. वाहेदनं विचारलं, काय करून राहिली? ती म्हणाली की झाड जागचं हलत नसेल तर आपण हलू. त्याच्या शेजारी दुसरं झाड लावा. कॅमेरा तुमच्यामागून चालेल.

तिनं भिंत संपेपर्यंत तसंच केलं. एक झाड रुजायचं, वाढायचं, फुलायचं, फुटायचं आणि वाहेद ते ऑइलपेंटनं पक्कं करायचा. मग विटा उचलायच्या आणि पुढे जायचं. जसजशी सवय झाली तसतशी झाडं लवकर वाढू लागली, थोड्याच चित्रांत फुटू लागली. मृगाच्या तोंडावर भिंत फाटकाला जाऊन मिळाली तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्याला पऱ्हाटीचा एक अख्खा तास उभा दिसत होता, फुटून पांढरा झालेला. त्या वर्षी त्या बाजूला तसा तास खऱ्या शेतात कुणी पाहिला नव्हता.

अमरावतीला कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्यांचे प्रकल्प दाखवले, त्या दिवशी वाहेद इस्त्रीचा कुर्ता घालून शेवटच्या रांगेत बसला होता. शेजारी रहिमाबी. मुलांनी बरंच काही केलं होतं, फिरणारे चेंडू, पळणाऱ्या गाड्या. मग पडद्यावर काळी माती आली आणि कोंब निघाला. पहिलं झाड वाढलं, बोंड फुटलं, आणि जिथे अफिफा रडली होती नेमकं तिथे चित्र चालू लागलं. एक झाड मागे राहायचं, पुढचं उठायचं, तेही मागे राहायचं, आणि अखेर कॅमेरा लांब गेला तेव्हा अख्खी भिंत पांढरी होती. जेमतेम दीड मिनिटाचा ऐवज. हॉलमधली निम्मी पोरं खेड्यापाड्यांतून आलेली होती. कुणीतरी मागून म्हणालं, पुन्हा लावा. मग पुन्हा लावलं.

हरिहर सरांनी अफिफाला पुढे बोलावलं आणि चित्रं कुणी काढली ते विचारलं. तिनं बापाकडे बोट केलं. सगळ्या माना मागे वळल्या. वाहेदला उभं राहायचं सुचलं नाही, रहिमाबीनं कोपरानं ढोसलं तेव्हा तो उठला. त्याला स्वतःचं नाव ऐकून जेवढं बरं वाटलं त्याच्या दुप्पट, माइकसमोर न अडखळता बोलणारी आपली पोर पाहून वाटलं. ही माझी आहे, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण सगळ्यांना ते माहीतच होतं. नंतर हरिहर सरांनी त्याला बाजूला घेऊन आपल्या गावच्या शाळेच्या भिंती रंगवाल का म्हणून विचारलं. वाहेद पाहू म्हणाला. त्यानं ओमप्रकाशला शब्द देऊन ठेवला होता, आणि शाळेच्या भिंती वर्षातून किती वेळा रंगतात?

पाऊस लागला तसा तो दुकानात जाऊ लागला. काम अवघड नव्हतं. कटर धरायचा, पुढाऱ्यांच्या कडा दुमडायच्या, कोपऱ्यांना भोकं पाडायची. ओमप्रकाश वाईट माणूस नव्हता, चहा स्वतःबरोबर पाजायचा. पण गिऱ्हाइकांसमोर तो वाहेदला 'आमचा माणूस' म्हणायचा. पेंटर म्हणणं कधी बंद झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नसावं. एक दिवस वाहेदच्या लक्षात आलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

दिवाळीच्या तोंडावर ओमप्रकाशनं एक भला मोठा रोल त्याच्या हवाली केला. मूर्तिजापूरच्या कुणा पुढाऱ्याच्या शुभेच्छा होत्या, मध्ये तो आणि भोवती कार्यकर्त्यांची पंचवीस-तीस तोंडं. जागा जिनिंगची भिंत, किसनरावांशी बोलणं झालेलं होतं. वाहेदनं पत्ता ऐकला आणि रोल उचलला. गाडीत तो रोल त्याच्या मांडीवर आडवा होता आणि त्याला वाटेत काहीच विचार करायचा नव्हता.

जिनिंगला हंगाम सुरू झाला होता. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. वाहेदनं शिडी मागून आणली, भिंतीला लावली, खिळे तोंडात धरले. फ्लेक्स मापात होता. पहिल्या झाडापासून शेवटच्यापर्यंत सगळं झाकलं जाणार होतं. हातोडी कमरेला होती.

तेवढ्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं आपली गाडी आणली. ऊन चढलं होतं आणि सावली होती ती फक्त भिंतीच्या कडेला. त्यानं बैल सोडले, भिंतीशी आणले, भिंतीकडे एकदा पाहिलं आणि बैल ओढत रस्त्याच्या पलीकडे उन्हात नेऊन खांबाला बांधले. वाहेदला राहवलं नाही. त्यानं तोंडातले खिळे काढून विचारलं की बाबा, बैल उन्हात काहून बांधले? म्हातारा डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसत होता. त्याला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"अंग घासतेत ना भितीले," तो म्हणाला. "पऱ्हाटी खराब होईन."

चित्र खराब होईल, असं तो म्हणाला नव्हता.

वाहेद शिडीवरून खाली उतरला. त्यानं शिडी परत दिली, रोल पुन्हा नीट घट्ट बांधला आणि दुपारच्या गाडीनं अकोल्याला आला. जठारपेठेत दुकानात गर्दी होती, मशीन घरघरत होतं. त्यानं रोल काउंटरवर ठेवला आणि त्याच्यावर खिशातला कटर ठेवला. ओमप्रकाशनं एकदा रोलकडे, एकदा कटरकडे पाहिलं. त्याला आधी वाटलं, किसनरावांनी ऐन वेळी शब्द फिरवला असेल. काय झालं, त्यानं विचारलं, भिंत नाही भेटली काय?

"भिंत हाये, शेठ," वाहेद पेंटर म्हणाला. "पण रिकामी नाही. तठी पीक उभं हाये."